आटणीला टाकण्याआधी कड वाचा : सराफ आणि गलाई बांधवांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सराफ, मोड (वितळवायला निघालेले जुने दागिने) घेणारे व्यापारी आणि खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या तालुक्यांतून देशभर पसरलेले, सोनं-चांदी गाळणारे गलाई बांधव यांस

विषय : जुन्या लष्करी पदकांची आटणी थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

२०२५ साली चांदीनं किलोला लाखाचा भाव ओलांडला आणि गावोगावच्या ट्रंका उघडल्या. पैंजण, करदोडे, तुटकी निरांजनं, आजीच्या कमरेचे छल्ले, सगळं तुमच्या पेढ्यांवर येऊ लागलं. त्याच गाठोड्यांतून पहिल्या महायुद्धाची चांदीची पदकंही येत आहेत आणि बाकीच्या मोडीबरोबर मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, जात आहेत. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं की आता गप्प बसवत नाही. पत्र तुम्हाला लिहितोय, पण ते गावोगावच्या घरांतही वाचलं जावं म्हणून उघडपणे लिहितोय.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगतो. मी लष्करी पदकं जमवतो. पण जमवण्यापेक्षा जास्त वेळ त्या पदकांवरची माणसं शोधण्यात जातो. गाव खटाव तालुक्यातलं. चुलत्यांनी उभी हयात केरळात गलाईच्या दुकानात काढली, त्यामुळे मूस, तेजाब (आम्ल), घट (गाळताना होणारी तूट) हे शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. तुमचा धंदा मला परका नाही आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पणजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. घरात अजूनही ‘बसऱ्याला गेले होते’ एवढंच सांगतात. त्यांचं चांदीचं पदक १९७२ च्या दुष्काळात मोडलं. ज्यांनी मोडलं त्यांना मी बोल लावत नाही, घरात दाणा नव्हता. पण त्यांचा नंबर काय, पलटण कुठली, हे आज आमच्या घरात कुणालाही सांगता येत नाही. ते त्या पदकाच्या कडेवर कोरलेलं होतं.

तुमच्यापैकी पुष्कळांना हे पदक ओळखता येत नाही. एका बाजूला पंचम जॉर्जचं मुंडकं असतं, म्हणून कुणी ते राजाछाप मोठं नाणं समजतं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ ही सालं. वर रिबिनीसाठी आडवी सरळ पट्टी. वजन एकतीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अडीच-पावणेतीन तोळे, आणि चांदी उत्तम, ९२५ कसाची. याचं नाव ब्रिटिश वॉर मेडल. लाखाच्या भावानं त्याचे तीन हजारांच्या आगेमागे रुपये होतात, त्यातून तुमची घट जाते. तेवढ्यासाठी ते मुशीत पडतं.

आता त्याची कड पाहा. नाण्याला जिथे दाते असतात, त्या जागी बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ ठोकलेली असते : शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. साध्यातल्या साध्या शिपायालाही सरकारनं त्याच्या नावाचं पदक दिलं. ही ओळ सापडली की पुढचं सगळं हलायला लागतं. पलटणीचा आकडा ११० असेल, तर तो माणूस ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, आणि ती पलटण मेसोपोटेमियातल्या कूत शहरात तुर्कांच्या वेढ्यात सापडलेली. १०३वी आणि ११७वीही तिथेच होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला, अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ ला इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. त्यानंतर कैद झालेल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, हजारो वाटेत आणि कैदेत मेले. आकडा ११४ असेल, तर वाट ऑक्टोबर १९१८ मधल्या, मेसोपोटेमियातल्याच शरकतच्या लढाईकडे जाते. १९२२ मध्ये सगळ्या पलटणींची फेरमांडणी झाली आणि ११० चं झालं ३/५ (पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण), ११७ चं ५/५. म्हणजे कडेवर जुना आकडा असेल, तर काळाचीही खूण पटते. मग पलटणीची युद्धदैनंदिनी काढायची, राजपत्रातल्या शौर्यपदकांच्या याद्या चाळायच्या, राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या नोंदी बघायच्या. नाव इंग्रज कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. जाधवचं आणि यादवचं स्पेलिंग एकमेकांत मिसळतं, पवार चार तऱ्हांनी येतो, एकाच पलटणीत एकाच नावाचे पाच-सात शिपाई निघतात. म्हणून नंबर लागतोच. नंबराशिवाय माणूस हाती लागत नाही.

आणि एवढं करूनही एक गोष्ट कडेवर नसते, ती म्हणजे गाव.

तुम्हाला हे पत्र लिहिण्याचं खरं कारण इथे आहे. पदकावर नाव आहे, पण गाव नाही. पदक घेऊन येणाऱ्या बाईला गाव ठाऊक आहे, ‘आमच्या आजेसासऱ्यांचं’ हे ठाऊक आहे, पण कडेवरची इंग्रजी ओळ तिनं कधी वाचलेली नाही. ही दोन टोकं तुमच्या गादीसमोर, काटा लागेपर्यंतची पाच-दहा मिनिटं, एकमेकांशेजारी असतात. बाई पैसे घेऊन गेली आणि पदक मुशीत गेलं की ती कायमची तुटतात. जगातल्या कुठल्याही दप्तरखान्यात बसून मला किंवा दुसऱ्या कुठल्या अभ्यासकाला ती पुन्हा जोडता येत नाहीत. तुम्हाला येतात. तुमच्याशिवाय कुणालाच येत नाहीत.

पंजाबकडे बघा. तिथल्या शिपायांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. विलायतेतल्या पंजाबी मंडळींनी आणि ग्रीनिच विद्यापीठानं ती २०२१ पासून लोकांसमोर आणायला सुरुवात केली, एकूण सुमारे ३,२०,००० नोंदी. आता तिकडचा एखादा माणूस आपल्या गावाचं नाव टाकून खापरपणजोबाला शोधू शकतो. सातारा, रत्नागिरी, सांगली, कोल्हापूर, नगर, पुणे या आपल्या जिल्ह्यांसाठी असं काही लोकांसमोर आलेलं नाही. गावच्या चावडीवर किंवा देवळापाशी एखादी संगमरवरी पाटी असते : या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांतले इतके मेले. आकडे आहेत, नावं नाहीत. सातारा तालुक्यातलं अपशिंगे तर नावापुढे ‘मिलिटरी’ लावतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार फक्त आकडे कोरले. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानं २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. माफी मागितली, तरी दगडावर नाव आलेलं नाही. जो जिवंत परत आला, शेतीवाडी केली आणि म्हातारा होऊन मेला, त्याचं नाव तर कुठल्याच स्मारकावर येणार नव्हतं. त्याचं नाव धातूत उमटलेली एकच जागा होती, ती म्हणजे पदकाची कड.

आता तक्रारी. आडपडदा न ठेवता सांगतो.

पहिली, न वाचता आटवण्याची. मोड विकणाऱ्याला पैशांची गरज असते आणि तुम्हाला माल फिरवायचा असतो, हे मान्य. पण काट्यावर ठेवण्याआधी कड फिरवून बघायला वेळ लागत नाही. एका पेढीवर मी स्वतः मालकांना हात जोडले होते : हे पदक दोन दिवस ठेवा, चांदीच्या भावापेक्षा जास्त देतो, मला फक्त घराचा पत्ता काढू द्या. त्यांनी मान डोलावली. मी परत गेलो तेव्हा लगड झालेली होती. पेढीचं नाव लिहीत नाही. त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही, आणि अशा पेढ्या पुष्कळ आहेत.

दुसरी तक्रार जोडी फोडण्याची, आणि ही मला जास्त लागते. चांदीच्या पदकाबरोबर बहुतेकदा काशाचं दुसरं पदक असतं, पंख असलेल्या देवीचं, इंद्रधनुषी रिबिनीचं : व्हिक्टरी मेडल. काही जणांना त्याशिवाय १९१४-१५ चा तारा मिळाला, त्याचं नाव कडेवर नसून मागच्या सपाट बाजूवर असतं. चांदी तेवढी काढून घेतात आणि ‘हे पितळ आहे, घेऊन जा’ म्हणून बाकीचं परत करतात. ते घरी गेल्यावर पोरांच्या खेळण्यात जातं किंवा भंगारवाल्याकडे. एका माणसाची दोन पदकं अशी दोन वाटांना लागली की ती परत एकत्र येणं जवळजवळ अशक्य. माझ्याकडे अशी एकएकटी काशाची पदकं आहेत. त्यांच्या जोडीची चांदी कुणाच्या तरी जोडव्यांत असेल.

दागिने घडवायला हुपरीकडे जाणाऱ्या चांदीत आणखी काय काय मिसळलेलं असेल, या विचारानं मला झोप लागत नाही.

तिसरी, नाव घासण्याची. पदकाला लॉकेट करायचं म्हणून वरची पट्टी कापतात, कडी डागतात आणि चकाकी यावी म्हणून कड पॉलिश करतात. तेजाबात बुडवून काढलेली पदकंही पाहिली आहेत. अक्षरं उथळ असतात, एकदा गेली की गेली. यातून एक वाईट धंदाही उभा राहतो. जुनं नाव घासून त्यावर जास्त किंमत देणाऱ्या पलटणीचं नाव ठोकतात आणि संग्राहकाला विकतात. हे करणारे थोडे आहेत, पण एका शिपायाला पुसून त्याच्या जागी दुसरा बसवणं हा माझ्या दृष्टीनं गुन्हाच आहे.

चौथी तक्रार तुमच्याबरोबर आम्हा संग्राहकांनाही लागू आहे. पदक घेताना ‘कुठल्या गावचं’ हे कुणी विचारत नाही आणि विचारलं तरी लिहून ठेवत नाही. दुर्मीळ पलटण असली की माल शहरात जातो, तिथून परदेशात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची बहुतेक पदकं आता त्या वयाची झाली आहेत. हे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं.

इथे एका पलटणीचं नाव मुद्दाम घेतो. महारांची लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. ज्या समाजानं कंपनीच्या काळापासून मुंबई फौजेत शिपाई दिले आणि ज्यातून बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ आले, त्याच समाजासाठी दार बंद झालं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती बरखास्त केली. आजची महार रेजिमेंट त्यानंतर वीस वर्षांनी, १९४१ मध्ये उभी राहिली. मधल्या त्या चार वर्षांतल्या शिपायांची पदकं मुळात किती असणार? त्यांतलं एकेक आटतं तेव्हा त्या कुटुंबाच्या आणि त्या समाजाच्या इतिहासातला पुरावाच वितळतो. कडेवर १११ आणि महार ही अक्षरं दिसली, तर कृपा करून हातचं सगळं काम थांबवा.

तसंच काशाच्या मोठ्या गोल तबकडीचं. पावणेपाच इंच रुंद, देवी आणि सिंहाचं चित्र, चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव. ही युद्धात मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवलेली आहे. त्यावर हुद्दा मुद्दाम लिहिलेला नाही, शिपाई आणि कर्नल सारखेच मानले. ती तुमच्याकडे कमी येते, भंगारात जास्त जाते. भंगारवाल्या बांधवांनीही हे वाचावं.

आणि पदक काशाचं आहे म्हणून हलकं समजू नका. तेच घोडेस्वाराचं पदक काही जणांना चांदीऐवजी काशात दिलं. ते बिगारी, मजूर तुकड्यांतले लोक होते. त्यांच्याबद्दल तर कागदही थोडे आहेत.

काही जण मला विचारतात, ‘इंग्रजांच्या चाकरीची ही पदकं, साम्राज्याची खूण. आटली तर बिघडलं काय?’ प्रश्न मला गैर वाटत नाही, त्याचं उत्तर द्यायला हवं. ती लढाई आपली नव्हती, हे खरंच आहे. पण खटाव-माणचा कोरडवाहू शेतकरी साम्राज्यावरच्या प्रेमापोटी बोटीत चढला नव्हता. पगार होता, पेन्शन होती, घरात तोंडं होती. याच कोरड्या जमिनीनं पुढे तुमच्या आजोबांना मूस घेऊन मद्रास, कलकत्ता, कोचीनला पाठवलं. ज्या तालुक्यांनी पलटणींना शिपाई दिले, तेच तालुके आज देशभराची चांदी गाळतात. एखाद्या गलाईवाल्याच्या मुशीत त्याच्याच भावकीतल्या माणसाचं नाव वितळत असेल, ही शक्यता दूरची नाही. राजाचं मुंडकं तुम्ही खुशाल विसरा. कडेवरचं नाव आपल्या माणसाचं आहे.

माणगावच्या यशवंत घाडगेंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून गेले, तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्याच सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणत राहिले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांची हकिगत राजपत्रात छापलेली आहे, ती पुसली जाणार नाही. मी बोलतोय ते ज्यांच्यासाठी राजपत्रात एक ओळही नाही, त्यांच्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धाचे तारे आणि पदकं बहुतेक चांदीची नाहीत, त्यामुळे ती तुमच्याकडून वाचतात. धोका आहे तो आधीच्या पिढीला.

१९७९-८० मध्ये जगभर चांदी भडकली तेव्हा खुद्द इंग्लंडात याच पदकांचे ढीग आटले. तिथले अभ्यासक आजही हळहळतात. पण त्यांच्याकडे शिपायांची नोंदपत्रं होती, त्यांना कागदावरून माणूस परत शोधता आला. आपल्याकडे ते कागद नाहीत.

तर माझं मागणं असं आहे.

राजाचं मुंडकं आणि रिबिनीची पट्टी असलेली चांदीची कुठलीही गोल वस्तू आली, तर आधी कड वाचा. इंग्रजी अक्षरं दिसली की तुमच्याच मोबाइलवर दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा. आणणाऱ्याला विचारा : हे कुणाचं, गाव कुठलं, तालुका कुठला, तुमचं नातं काय? चार ओळी वहीत लिहा. एवढं केलंत आणि नंतर पदक आटवलंतच, तरी माणूस वाचला असं मी समजेन.

पण आटवू नका. विकणाऱ्याला सांगा की याला चांदीपेक्षा जास्त किंमत येते. हे सांगणं तुमच्या तोट्याचं नाही, कारण संग्राहक तुम्हालाही भावावर रक्कम द्यायला तयार आहेत. निदान एक महिना बाजूला ठेवा. पैसे मिळाल्यावर कुणी नातू परत सोडवायला आला, तर त्याला घेतल्या भावानं द्या. अशी माणसं येतात, मी पाहिली आहेत. जोडीतलं काशाचं पदक वेगळं करू नका. घासू नका, तेजाबात टाकू नका, कडी डागू नका.

सराफ असोसिएशन आणि गलाई संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी या पदकाचं चित्र असलेलं एक पानी पत्रक काढून प्रत्येक पेढीवर लावावं. चित्र आणि मजकूर मी विनामूल्य देतो, छपाईचा खर्चही उचलतो. परराज्यातल्या दुकानांत ते पोचवण्याची व्यवस्था तुमच्या संघटनांकडेच आहे, मला ती उभारता येणार नाही.

सैनिक कल्याण विभागाला आणि पुराभिलेख संचालनालयाला एकच मागणी. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या जुन्या पदकांसाठी एक रजिस्टर उघडा. सराफानं फोटो आणि गाव पाठवलं की नोंद व्हावी, पदक जमा करण्याची सक्ती नसावी, ‘कुठून आणलं’ म्हणून विकणाऱ्याची चौकशी नसावी. सक्ती केलीत तर लोक घाबरतील आणि पदकं जास्त वेगानं मुशीत जातील. नोंदी तालुकावार लोकांना पाहता याव्यात. पदकांसाठी वेगळं संग्रहालय होईल तेव्हा होवो, रजिस्टरला इमारत लागत नाही.

आणि ज्यांच्या घरात हे पदक अजून आहे, त्यांनी विकण्याआधी शाळेतल्या एखाद्या पोराकडून कड वाचून घ्यावी, ती ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवावी आणि कागद सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवावा. नंतर विकायचं की ठेवायचं, तो तुमचा अधिकार. गरजेला चांदी मोडणाऱ्याला उपदेश करण्याचा हक्क मला नाही.

येत्या लग्नसराईत पुन्हा मोड निघेल. पत्रक त्याआधी पेढ्यांवर लागावं. संघटनांच्या बैठकीला बोलावलंत तर पदकं घेऊन मी स्वतः येईन आणि कड कशी वाचायची ते दाखवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खटाव तालुक्यातील एक पदक-अभ्यासक